राजाला उतरवलं, घोडा राहिला: मुंबईचा ‘काळा घोडा’ घडवणाऱ्या शिल्पकाराची गोष्ट

मनीषनगरातून वर्धा रोडला यायचं, उज्ज्वलनगर स्टेशनवरून मेट्रो पकडायची आणि झिरो माइलला उतरायचं. तिथून थोडं चाललं की अजब बंगला. नागपूरकराला हा पत्ता वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण ऑटोवाल्याला मध्यवर्ती संग्रहालयात सोडा असं सांगून बघा, तो क्षणभर विचारात पडेल. कारण पाटीवरचं नाव काहीही असो, लोकांच्या तोंडी तो अजब बंगलाच आहे.

हे संग्रहालय १८६३ साली सुरू झालं. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती आणि या प्रांताचा मुख्य आयुक्त होता सर रिचर्ड टेंपल. संग्रहालय त्याच्याच पुढाकाराने उभं राहिलं. सरकारी नाव सरकारी कागदावर राहिलं, लोकांनी मात्र आपल्या सोयीचं नाव ठेवलं. अजब वस्तू ठेवलेला बंगला, तो अजब बंगला. विषय संपला.

हाच टेंपल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. जून १८७९ मध्ये त्याच्या हस्ते मुंबईच्या फोर्ट भागात एका भल्यामोठ्या पुतळ्याचं अनावरण झालं. पुतळा होता राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचा, प्रिन्स ऑफ वेल्स अल्बर्ट एडवर्डचा. हाच पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. अर्ध्या जगावर राज्य करू पाहणाऱ्या घराण्याचा वारस, ब्राँझच्या घोड्यावर ऐटीत बसलेला.

लोकांनी वर बघितलं. त्यांना घोडा दिसला. तो काळा होता. म्हणून नाव पडलं काळा घोडा. स्वाराचं नाव घ्यायची कुणाला गरजच वाटली नाही.

आज याच नावाने मुंबईत आर्ट फेस्टिव्हल भरतो आणि त्या दिवसांत तुमचं इन्स्टाग्राम तिथल्या फोटोंनी भरून जातं. पण हा घोडा घडवला कुणी, असं विचारलं तर बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. त्या शिल्पकाराचं नाव जोसेफ एडगर बोएम. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये राणीपासून डार्विनपर्यंत सगळ्यांना त्याच्या हाताने आकार दिला. मोठ्या माणसांना अमर करणं हा त्याचा धंदा होता आणि त्या धंद्यात तो एक नंबरचा होता. त्याने घडवलेल्या पुतळ्यांचं पुढे काय झालं, ही मात्र वेगळीच गोष्ट आहे.

टांकसाळीतला मुलगा

ब्रिटिश साम्राज्याचा हा लाडका शिल्पकार जन्माने ब्रिटिश नव्हता. ६ जुलै १८३४ रोजी त्याचा जन्म झाला ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नामध्ये. वडील जोसेफ डॅनियल बोएम हे तिथल्या शाही टांकसाळीचे संचालक. पदकं आणि नाणी घडवणं हे त्यांचं काम आणि जुन्या कलावस्तू जमवणं हा त्यांचा छंद. त्यामुळे इतर मुलं खेळण्यांसोबत वाढतात तसा हा मुलगा मूर्ती, पदकं आणि साच्यांच्या सहवासात वाढला.

१८४८ साली तो लंडनला आला. वय वर्षं १४. युरोपात त्या वर्षी ठिकठिकाणी क्रांत्या चालल्या होत्या, व्हिएन्नाही त्यात धुमसत होतं. लंडनमध्ये त्याने तीनेक वर्षं काढली आणि त्या काळात त्याची खरी शाळा होती ब्रिटिश म्युझियम. ग्रीसच्या पार्थेनॉन मंदिरावरून आणलेली शिल्पं तिथे ठेवलेली आहेत. त्यात घोडेस्वारांची एक लांबलचक मिरवणूक कोरलेली आहे. काही घोडे उधळलेले, काही लगाम खेचल्यामुळे मान वळवलेले. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या या दगडी घोड्यांसमोर बसून बोएमने अभ्यास केला.

त्यानंतर इटली, पॅरिस आणि मधे पुन्हा व्हिएन्ना अशी त्याची भटकंती झाली. १८५६ मध्ये व्हिएन्नात त्याला मानाचं शाही पारितोषिक मिळालं. शेवटी १८६२ मध्ये तो कायमचा लंडनला आला आणि १८६५ मध्ये रीतसर ब्रिटिश नागरिक झाला.

घोड्यावरून थेट राजवाड्यात

बाहेरून आलेल्या या तरुण कलाकाराला लंडनच्या बड्या लोकांमध्ये शिरकाव कसा मिळाला? त्याचं एक मोठं कारण म्हणजे घोडा.

त्या काळातल्या इंग्रज उमरावांचं घोड्यांवर जिवापाड प्रेम. शिकार, शर्यती, तबेले यांत त्यांचा निम्मा वेळ जायचा. कादंबरीकार थॅकरेची छोटी मूर्ती करून बोएमने आधीच नाव कमावलं होतं. मग उमरावांच्या आवडत्या घोड्यांच्या आणि स्वारांच्या मूर्ती त्याच्याकडून बनवून घ्यायची फॅशनच आली. त्याचे घोडे जिवंत वाटायचे. घोड्याच्या पायावरचा स्नायू कुठे ताणला जातो, मानेला लगाम कुठे जाणवतो, हे त्याला नेमकं कळायचं.

या घरांतून त्या घरांत असं करत त्याचं नाव राणीपर्यंत पोचलं. विंडसर कॅसलसाठी त्याने व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा केला आणि राजघराण्याची कामं त्याच्याकडे येऊ लागली. राणीची मुलगी लुईझ हिला शिल्पकलेची ओढ होती. तीही त्याच्याकडे शिकू लागली. पुढे बोएम अधिकृतपणे राणीचा शिल्पकार झाला.

दिसायला छान, बोलायला गोड आणि कामाला वाघ असलेल्या या माणसाच्या स्टुडिओत एकाच वेळी अनेक पुतळ्यांची कामं चालायची. अर्थात एवढी कामं एकटा माणूस करू शकत नाही. त्याच्याकडे मदतनीसांची फौज होती. त्यातलाच एक आल्फ्रेड गिल्बर्ट. लंडनच्या पिकाडिली सर्कसमधला पंखवाला तिरंदाज तुम्ही सिनेमात नाहीतर फोटोत नक्की पाहिला असेल. तो या गिल्बर्टचा.

युवराज आला, घोडा मागे राहिला

आता मुंबईकडे येऊ.

८ नोव्हेंबर १८७५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स सेरापिस नावाच्या जहाजाने मुंबईत उतरला. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीकडे गेला होता. राणी स्वतः कधीच इकडे आली नाही. त्यामुळे तिच्या वारसाचा हा दौरा म्हणजे साम्राज्याचं मोठं शक्तिप्रदर्शन होतं. मुंबई सजवण्यात आली, मिरवणुका निघाल्या, शाळकरी मुलांना मैदानावर गोळा करण्यात आलं. दौरा आटोपून १८७६ मध्ये युवराज परत गेला आणि पुढच्याच वर्षी, १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापड गिरणी सुरू झाली. तिला नाव मिळालं एम्प्रेस मिल. म्हणजे या सगळ्या थाटामाटाचे धागे नागपूरपर्यंत पोचले होते.

युवराजाच्या भेटीची आठवण मुंबईत कायमची राहावी, असं एका माणसाने ठरवलं. तो होता अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून. बगदादमध्ये जन्मलेला ज्यू व्यापारी. कुलाब्याची ससून गोदी याच्याच कुटुंबाची. अफू आणि कापसाच्या व्यापारात या घराण्याने अमाप पैसा कमावला होता आणि मुंबईत शाळा, वाचनालयं, धर्मादाय संस्था यांवर खर्चही केला होता. काळा घोडा चौकाजवळची डेव्हिड ससून लायब्ररी याच्या वडिलांच्या नावाची.

ससूनने पुतळ्याचं काम दिलं बोएमला. युवराज आणि घोडा हे दोन्ही ज्याला उत्तम जमतं असा माणूस दुसरा कोण होता?

घोड्यावरचा पुतळा करणं हे शिल्पकाराच्या दृष्टीने सगळ्यात अवघड काम. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा. त्यावर मातीने पूर्ण आकार घडवायचा. मग त्याचा प्लास्टरमध्ये साचा काढायचा. शेवटी ओतशाळेत वितळलेलं ब्राँझ ओतून पुतळ्याचे भाग तयार करायचे आणि ते एकमेकांना जोडायचे. पुतळा आतून पोकळ असतो, तरी वजन टनांत भरतं. आणि हे सगळं वजन घोड्याच्या काडीसारख्या पायांवर तोलायचं असतं. तोल चुकला तर पुतळा कलतो. तोल सांभाळला पण जीव ओतता आला नाही, तर घोडा टेबलासारखा दिसतो.

बोएमचा घोडा टेबलासारखा दिसला नाही. सुमारे १३ फूट उंचीचा हा पुतळा समुद्रमार्गे मुंबईत आला आणि जुन्या किल्ल्याच्या तटबंदीच्या जागी तयार झालेल्या नव्या, मोकळ्या रस्त्यांच्या चौकात उभा राहिला. चबुतऱ्यावर युवराजाच्या भेटीची दृश्यं होती. एका बाजूला गोदीवर झालेलं त्याचं आगमन, दुसऱ्या बाजूला मैदानावर त्याला फुलं देणारी मुलं. म्हणजे वर कोण बसलंय आणि का बसलंय, याची सगळी माहिती खाली दिलेलीच होती.

पण मुंबईच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हमालाला, गिरणी कामगाराला, ट्राममधून उतरणाऱ्या कारकुनाला त्या दृश्यांशी काय घेणं? समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत ब्राँझ गडद होत जातं. पुतळा काळवंडला आणि त्याला लोकांचं नाव मिळालं. बघता बघता चौकाचं, मग अख्ख्या परिसराचं नाव काळा घोडा झालं.

लंडनमध्येही पुतळे हलत होते

मुंबईचा पुतळा झाला तेव्हा बोएमच्या कारकिर्दीचा सगळ्यात भरभराटीचा काळ सुरू होत होता. १८८२ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात नदीकाठी त्याने केलेला लेखक थॉमस कार्लाइलचा पुतळा बसला. खुर्चीत बसलेला, थकलेला, स्वतःच्या विचारांत हरवलेला म्हातारा. हे त्याचं सगळ्यात चांगलं काम, असं बरेच जण मानतात. त्याच वर्षी तो रॉयल अकॅडमीचा पूर्ण सदस्य झाला.

१८८५ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये, मुख्य जिन्यावर, त्याचा चार्ल्स डार्विन विराजमान झाला. डार्विनला जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

आता गंमत बघा. १९२७ मध्ये याच डार्विनला जिन्यावरून हटवण्यात आलं आणि त्या जागी रिचर्ड ओवेनचा पुतळा बसवण्यात आला. ओवेन म्हणजे डार्विनच्या सिद्धांताचा कडवा विरोधक. डार्विन संग्रहालयातच दुसरीकडे गेला आणि थेट त्याच्या २०० व्या जन्मवर्षाच्या निमित्ताने पुन्हा जिन्यावर परतला. या वेळी खाली उतरायची पाळी ओवेनची होती.

दुसरं उदाहरण ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं. नेपोलियनला हरवणारा हा सेनापती. हाइड पार्क कॉर्नरला एका कमानीवर त्याचा प्रचंड अश्वारूढ पुतळा १८४६ मध्ये बसवला होता. वजन सुमारे ४० टन. कमानीच्या मानाने तो इतका मोठा होता की लंडनकरांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. अखेर १८८० च्या दशकात तो तिथून काढून आल्डरशॉटच्या लष्करी छावणीत पाठवण्यात आला. मग त्याच परिसरासाठी नवा, बेताच्या आकाराचा वेलिंग्टन करायचं काम मिळालं बोएमला. १८८८ मध्ये तो उभा राहिला. घोड्यावर ड्यूक आणि चबुतऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार साधे सैनिक: एक इंग्लिश, एक स्कॉटिश, एक वेल्श आणि एक आयरिश.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की पुतळे हलवणं, उतरवणं, बदलणं ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. ज्या शहराने बोएमला डोक्यावर घेतलं, तेही आपले पुतळे सारखे इकडून तिकडे हलवत होतं. बोएमच्या वेलिंग्टनला जागा मिळाली तीही आधीचा वेलिंग्टन हटला म्हणून.

लेखणी की तलवार?

बोएमच्या एका पुतळ्याचा प्रवास तर सिनेमा काढावा असा आहे.

सर जॉन लॉरेन्स हा पंजाबचा बडा ब्रिटिश अधिकारी, पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. १८८२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू प्लेसला बोएमने केलेला त्याचा पुतळा बसला. पण तो लोकांच्या पसंतीस उतरला नाही. बोएमने काय करावं? त्याने स्वतःच्या खर्चाने दुसरा पुतळा घडवला आणि आधीच्या जागी तो बसवला. आपल्या कामातली चूक मान्य करून पदरमोड करणारा कलाकार तेव्हाही विरळाच.

मग पहिल्या पुतळ्याचं काय झालं? लंडनला जो आवडला नाही तो लाहोरला पाठवण्यात आला आणि तिथल्या माल रोडवर उभा राहिला. त्याच्या एका हातात लेखणी होती, दुसऱ्या हातात तलवार. खाली पंजाबच्या लोकांना उद्देशून सवाल कोरलेला होता. तुमच्यावर राज्य कशाने करू, लेखणीने की तलवारीने, असा त्याचा अर्थ.

विचार करा, रोज कामावर जाताना रस्त्यात हा सवाल वाचायचा. काही वर्षं लोकांनी तो सहन केला. पण १९१९ मध्ये जालियनवाला बाग घडलं आणि पंजाबसाठी त्या तलवारीचा अर्थ बदलला. असहकाराच्या काळात लाहोरमध्ये या पुतळ्याविरुद्ध मोठं आंदोलन उभं राहिलं. नगरपालिकेने तो हटवण्याची मागणी केली. अखेर सरकारला खालचा मजकूर बदलावा लागला. फाळणीनंतर हा पुतळा लाहोरमधून निघाला आणि लॉरेन्स जिथे शिकला होता त्या उत्तर आयर्लंडमधल्या फॉइल कॉलेजात जाऊन पोचला.

बोएमने त्या पुतळ्यात एक कर्तबगार प्रशासक पाहिला होता. लाहोरच्या लोकांना त्यात धमकी दिसली. पुतळा तोच, ब्राँझ तेच. फरक एवढाच की एक जण तो घडवत होता आणि दुसरे त्याच्या सावलीत राहत होते.

नाण्यावर झालेली फजिती

टांकसाळीच्या संचालकाच्या मुलाला राणीचं नाणं करायला मिळावं, हा योग मोठा होता. १८८७ मध्ये व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली आणि नव्या नाण्यांवरच्या राणीच्या चेहऱ्याचं काम बोएमकडे आलं.

आणि इथेच त्याची गाडी घसरली. राणीच्या डोक्यावर त्याने जो मुकुट दाखवला तो इतका छोटा होता की आता पडतो की मग पडतो असं वाटावं. वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं. त्यात सहा पेन्सच्या नव्या नाण्याची मागची बाजू सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखी दिसत होती. लबाड लोकांनी चांदीच्या नाण्याला सोन्याचा मुलामा दिला आणि ते खपवायला सुरुवात केली. ती बाजू बोएमची नव्हती, पण बदनामी सगळ्या मालिकेची झाली. सहा वर्षांतच, १८९३ मध्ये, राणीचं ते चित्र बदलून थॉमस ब्रॉक या शिल्पकाराचं चित्र नाण्यांवर आलं. ओवेनचा पुतळा करणारा ब्रॉक तो हाच.

राजदरबारातलं बोएमचं वजन मात्र कमी झालं नाही. १८८९ मध्ये राणीने त्याला बॅरोनेट हा किताब दिला. व्हिएन्नाहून आलेला मुलगा आता सर जोसेफ झाला होता.

स्टुडिओतला शेवट

किताब मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. १२ डिसेंबर १८९० रोजी लंडनच्या फुलहॅम रोडवरच्या स्टुडिओत बोएमचा अचानक मृत्यू झाला. वय अवघं ५६. त्या वेळी राजकन्या लुईझ तिथे होती. एवढं कळल्यावर लंडनमध्ये कुजबूज सुरू व्हायला कितीसा वेळ लागणार? शिल्पकार आणि राजकन्येबद्दलच्या अफवा तेव्हा ज्या सुरू झाल्या त्या आजही पुस्तकांत चघळल्या जातात.

बोएमला सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये पुरण्यात आलं. वेलिंग्टन आणि नेल्सन जिथे विसावलेत, तिथेच. त्याची शिष्या लुईझ हिने केलेला व्हिक्टोरियाचा पुतळा १८९३ मध्ये केन्सिंग्टन गार्डन्समध्ये बसला. तो आजही तिथे आहे.

बोएमची गोष्ट इथे संपते. त्याच्या मुंबईच्या घोड्याची अजून बाकी आहे.

मुंबई बोलू लागली

बोएम गेल्यानंतर सहा वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईतल्या दुसऱ्या एका पुतळ्यावर रात्रीच्या अंधारात डांबर ओतलं गेलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली. हा पुतळा राणी व्हिक्टोरियाचा होता. मॅथ्यू नोबल या ब्रिटिश शिल्पकाराने तो संगमरवरात घडवला होता आणि त्याचा खर्च बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी केला होता. डांबर ओतणारे होते पुण्याचे चापेकर बंधू. पुढच्याच वर्षी, २२ जून १८९७ ला, राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री त्यांनी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या.

पुतळा हा राज्याचा चेहरा असतो, हे इंग्रजांना माहीत होतं म्हणून त्यांनी पुतळे उभारले. चापेकरांनाही ते माहीत होतं म्हणून त्यांनी डांबर ओतलं.

मग मराठी माणसाने आपले पुतळे उभारायला घेतले. छत्रपती शिवाजी महाराजांचं पुण्यात स्मारक व्हावं म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेतला. नोव्हेंबर १९२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली ती तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. हा युवराज म्हणजे काळ्या घोड्यावर बसलेल्या एडवर्डचा नातू. आजोबा मुंबईत घोड्यावर बसले आणि नातवाने पुण्यात शिवरायांच्या घोड्यासाठी पहिला दगड बसवला. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक करमरकर यांनी तो अश्वारूढ पुतळा घडवला आणि १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं. भव्य अश्वारूढ पुतळा करायला आता लंडनहून कुणाला बोलवायची गरज उरली नव्हती.

स्वातंत्र्य आलं. २६ जानेवारी १९६१ ला गेटवे ऑफ इंडियासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. त्याआधी तिथे पाचव्या जॉर्जचा पुतळा होता. तो घडवला होता गणपतराव म्हात्रे या आपल्याच मराठी शिल्पकाराने. सत्ता बदलली तशी चौकातली माणसंही बदलली.

१९६५ मध्ये काळ्या घोड्याची पाळी आली. बोएमचा पुतळा चबुतऱ्यावरून उतरवून भायखळ्याला, आजच्या जिजामाता उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत नेण्यात आला. नोबलची राणीही तिथेच पोचली होती. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात हे जुने राजे, राण्या आणि गव्हर्नर आता शेजारी शेजारी राहतात. त्यांच्या सोबतीला घारापुरीहून आणलेला तो प्रसिद्ध दगडी हत्ती आहे.

पुतळे फोडून, वितळवून टाकता आले असते. जगात अनेक ठिकाणी तसं झालंही. मुंबईने त्यांना मानाच्या जागेवरून काढलं, पण बोएमच्या हातचं काम जपलं. राजाला दिलेला मान परत घेतला, कलाकाराला दिलेला नाही. आज कुणालाही भायखळ्याला जाऊन त्या घोड्याच्या मानेवरची शीर न् शीर बघता येते, चबुतऱ्यावर चढलेल्या राजासमोर मान वर न करता.

स्वार नसलेला घोडा

फोर्टमधल्या त्या चौकात १९६५ नंतर घोडा उरला नाही. गाड्या उभ्या करायची जागा तेवढी राहिली. पण नाव गेलं नाही. पुतळा हलवता येतो, लोकांच्या तोंडातलं नाव हलवता येत नाही. पन्नास वर्षं मुंबईकर अशा चौकाला काळा घोडा म्हणत राहिले, जिथे घोडाच नव्हता.

२०१७ मध्ये काळा घोडा असोसिएशनने तिथे पुन्हा घोडा आणला. आर्किटेक्ट अल्फाझ मिलर यांची कल्पना, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचं काम. घोडा काळाच आहे, दिमाखदार आहे. पण त्याच्या पाठीवर कुणीही नाही. राजा नाही, गव्हर्नर नाही, खोगीरही नाही.

बोएमने आयुष्यभर स्वार घडवले. ज्यांनी पैसे दिले, त्यांच्यासाठी स्वारच महत्त्वाचा होता. पण ससूनच्या पैशाने, टेंपलच्या हाताने आणि युवराजाच्या नावाने उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्यातून लोकांनी फक्त एक गोष्ट आपली मानली. ती होती बोएमला सगळ्यात जास्त जमणारी गोष्ट, घोडा.

पुढच्या वेळी मुंबईला गेलात आणि काळा घोड्यासमोर सेल्फी काढलात, तर वेळ काढून भायखळ्यालाही जाऊन या. मूळचा घोडा तिथे आहे. आणि नागपूरला परतल्यावर झिरो माइलवरून जाताना अजब बंगल्याकडेही एकदा बघा. टेंपलचा हात या दोन्हींना लागला होता. दोन्हींची नावं शेवटी लोकांनीच ठेवली.